फाइव्ह स्टार घर, फोर स्टार एसी आणि पश्चिमेची भिंत

प्रश्न : आम्ही नागपुरात बांधकाम सुरू असलेल्या एका स्कीममध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट बघून ठेवला आहे. सातवा, म्हणजे शेवटचा मजला. मोठी बेडरूम पश्चिमेला आहे. माहितीपत्रकावर ‘फाइव्ह स्टार एनर्जी एफिशियंट होम’ असं ठळक छापलंय. कसं काय, असं विचारलं तर ‘सगळे एलईडी आहेत, वर सोलर आहे’ एवढंच उत्तर मिळतं. दुसरी गोष्ट एसीची. २०१९ मध्ये आम्ही दीड टनाचा ५ स्टार एसी घेतला होता, तर दुकानदार म्हणतो, ‘तो आता ४ स्टारच धरा.’ नवीन घ्यायचा झाला तर ३ आणि ५ स्टारमध्ये ९,००० रुपयांचा फरक सांगतो. आमचा एसी एप्रिल ते जून चालतो, तोही बहुतेक रात्रीच. हे स्टार देतं कोण, मोजतं कसं, आणि आम्ही पैसे नेमके कुठे घालावेत?
— एक वाचक, नागपूर

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात ‘स्टार’ हा एकच शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी आला आहे. एसीवरचे स्टार कायद्याने बंधनकारक आहेत आणि त्यांच्यामागे प्रयोगशाळेतली चाचणी आहे. घराच्या माहितीपत्रकावरचे स्टार कशाचे आहेत हे बिल्डरने कागद दाखवेपर्यंत कुणालाच ठाऊक नाही. आधी एसीचं बघू, कारण ते उत्तर सरळ आहे.

एसीचे स्टार ऊर्जा दक्षता ब्यूरो, म्हणजे बीईई ही केंद्र सरकारची संस्था ठरवते. २०१८ पासून त्यासाठी आयएसईईआर हा आकडा वापरतात. त्याचा अर्थ साधा आहे. एसीने वर्षभरात खोलीतून जेवढी उष्णता बाहेर फेकली, तिला त्यासाठी खाल्लेल्या विजेने भागायचं. प्रयोगशाळेत बाहेर ३५ अंश आणि आत २७ अंश ठेवून इन्व्हर्टर एसी आधी पूर्ण क्षमतेवर आणि मग अर्ध्या क्षमतेवर चालवतात. त्या मोजमापावरून बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंशांपर्यंत असताना तो किती वीज घेईल याचं गणित मांडतात. वर्षाचे एकूण तास धरतात १,६००. लेबलवर ‘वार्षिक वीज वापर’ म्हणून जे युनिट छापलेले असतात, ते या १,६०० तासांचे.

जून २०२२ पर्यंतच्या तक्त्यात स्प्लिट एसीचा आयएसईईआर ४.५० किंवा त्याहून जास्त असला की ५ स्टार मिळत. जुलै २०२२ पासून ती हद्द ५.०० झाली आणि ४.४० ते ४.९९ वाले ४ स्टारमध्ये आले. समजा तुमच्या एसीच्या लेबलवर ४.६० आहे. यंत्र तेच आहे, ते काही बिघडलेलं नाही. फक्त कट-ऑफ वर गेला. तक्ते अधूनमधून असेच कडक होत राहतात, म्हणून दुकानात स्टार मोजूच नका. लेबलवरचा आयएसईईआर, वार्षिक युनिट आणि लेबलचा कालावधी हे तीन आकडे वहीत टिपा आणि त्यांचीच तुलना करा. गोदामात पडून राहिलेला जुन्या कालावधीचा ५ स्टार आणि नव्या कालावधीचा ४ स्टार यांचे आकडे जवळजवळ सारखे असू शकतात. विंडो एसीचा तक्ता वेगळा आणि सैल आहे. त्यामुळे विंडोचे ५ स्टार स्प्लिटच्या ५ स्टारशेजारी ठेवून उपयोग नाही.

आता ९,००० रुपयांचं. सारख्या क्षमतेचे दोन एसी घ्या, एक ३.९ चा आणि एक ५.० चा. पहिल्याच्या लेबलवर १,००० युनिट असतील तर दुसऱ्याच्या लेबलवर साधारण ७८० असतील. फरक २२० युनिटांचा, पण तो १,६०० तासांचा आहे. तुमचे एप्रिल ते जून म्हणजे ९१ दिवस, रोज नऊ तास धरले तरी सव्वाआठशे तासांच्या आतच. म्हणजे कागदावर निम्मी बचत, ११० युनिट.

दर काढताना बिलातला नुसता ‘प्रति युनिट’ आकडा धरू नका. वाचलेलं युनिट नेहमी तुमच्या सर्वांत वरच्या टप्प्यातलं असतं. त्या टप्प्याचा दर, त्यात वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क अशी बेरीज करा. स्थिर आकार मात्र सोडून द्या, तो एसी बंद असला तरी भरावाच लागतो. ही बेरीज समजा १२ रुपये आली, तर वर्षाला १,३२० रुपये वाचतात आणि ९,००० वसूल व्हायला जवळजवळ सात वर्षं लागतात.

पण हे उत्तर नागपूरसाठी पुरेसं नाही. लेबलवरचे ७८० युनिट १,६०० तासांनी भागून बघा, ताशी अर्ध्या युनिटापेक्षाही कमी येतात. दीड टनाचा एसी भर उन्हात पूर्ण ताकदीने चालतो तेव्हा तो दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो. याचा अर्थ लेबलच्या हिशेबात बरेचसे तास सौम्य हवेचे आहेत, जेव्हा इन्व्हर्टर एसी रमतगमत चालतो. जास्त स्टारचे एसी आपली आघाडी मुख्यतः तिथेच मिळवतात. शिवाय लेबलचं तापमान ४३ अंशांवर थांबतं. तुमच्याकडचा मे महिना तिथे थांबत नाही हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून दोन मॉडेलमध्ये निवडताना आणखी एक भागाकार करा. बाजूला चिकटवलेल्या पट्टीवरची पूर्ण क्षमतेची थंडावा-क्षमता वॅटमध्ये घ्या आणि तिला पूर्ण क्षमतेच्या वीजवापराने, तोही वॅटमध्ये, भागा. ५,००० भागिले १,४५० म्हणजे ३.४५. हा आकडा दोन्ही एसींचा जवळपास सारखा निघाला, तर ऐन उन्हाळ्यात महागड्या एसीचा फायदा बेताचाच राहील.

आणि तुमचा एसी रात्री रमतगमत चालेल की धापा टाकत, हे एसी ठरवत नाही. ते भिंत, खिडकी आणि छत ठरवतं. दुपारी चारला तापलेली पश्चिमेची भिंत त्या उन्हाची उष्णता काही तासांनी, म्हणजे तुम्ही झोपायला जाता तेव्हा, आत सोडायला लागते. म्हणून आता घराकडे वळू.

आपल्याकडे घराच्या बाबतीत तीन वेगळ्या गोष्टी चालतात आणि माहितीपत्रकं त्यांची सर्रास खिचडी करतात. एक, बीईईचं निवासी इमारतींसाठीचं लेबल. हे २०१९ मध्ये आलं आणि ऐच्छिक आहे. त्यात खरोखरच १ ते ५ स्टार असतात आणि ते दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट लागतील या आकड्यावर ठरतात. हा आकडा नकाशे, साहित्य आणि वापराची ठरावीक गृहीतकं यांवरून काढलेला असतो, कुणाच्या वीजबिलावरून नाही. दुसरी गोष्ट ग्रीन बिल्डिंगची प्रमाणपत्रं : गृह, आयजीबीसी, एज. यांत ऊर्जेबरोबर पाणी आणि साहित्याचाही विचार असतो. म्हणून सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतीत पश्चिमेची खोली तापणारच नाही, असं काही नाही. तिसरी गोष्ट म्हणजे इको-निवास संहिता. हा डिसेंबर २०१८ मधला बीईईचा निवासी इमारतींचा कोड आहे. त्याच्या पहिल्या भागात स्टार नाहीत, पास-नापास आहे. पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र त्यातच सापडतं.

तेव्हा बिल्डरला पहिला प्रश्न हा विचारा : हे स्टार कोणत्या संस्थेचे, प्रमाणपत्राचा क्रमांक काय, आणि ते अंतिम आहे की नुसत्या नकाशांवर दिलेलं पूर्व-प्रमाणपत्र? जिन्यातले एलईडी आणि गच्चीवरचं सोलर ही चांगलीच गोष्ट आहे, त्याने लिफ्टचं, पंपाचं आणि पर्यायाने सोसायटीच्या मेंटेनन्सचं बिल उतरतं. तुमच्या बेडरूमशी मात्र त्याचा काही संबंध नाही.

संहितेचा मुख्य आकडा म्हणजे आरईटीव्ही. बाहेरच्या भिंती आणि खिडक्यांमधून दर चौरस मीटरला सरासरी किती वॅट उष्णता आत येते, ते हा आकडा सांगतो. मर्यादा १५ वॅट. त्याचे तीन भाग आहेत : भिंतीतून झिरपणारी उष्णता, काचेतून झिरपणारी उष्णता, आणि काचेतून थेट आत येणारं ऊन. प्रत्येक भागाला हवामानानुसार गुणक आहे. नागपूर ‘संमिश्र’ हवामानात मोडतं आणि तिथले गुणक अनुक्रमे ६.०६, १.८५ आणि ६८.९९. तिसरा आकडा बघितलात? सगळी मेख तिथे आहे. वर दिशेचाही गुणक लागतो. आपल्या अक्षांशाला उत्तरेला ०.६५९ आणि पश्चिमेला १.१५६. तीच भिंत, तीच खिडकी उत्तरेऐवजी पश्चिमेला फिरवली की उष्णता पावणेदोन पट.

तुमच्या बेडरूमचं उदाहरण करू. भिंत ४ मीटर लांब, ३ मीटर उंच, म्हणजे १२ चौरस मीटर. त्यातली २.४ चौरस मीटर खिडकी, साध्या एकेरी काचेची. उरलेली ९.६ चौरस मीटर भिंत २०० मिलिमीटरच्या एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची, ज्याला साइटवर कुणी सिपोरेक्सही म्हणतात. तिची यू-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता आरपार जाऊ देण्याचं माप, साधारण ०.७७. गुणाकार केले तर भिंतीचा वाटा येतो ५२, काचेतून झिरपणारा ३०, आणि काचेतून येणाऱ्या थेट उन्हाचा १५७. बेरीज २३९, भागिले १२, म्हणजे जवळजवळ २०. इतकी चांगली भिंत असून नापास! आणि दोष फक्त खिडकीचा, जी भिंतीचा जेमतेम पाचवा हिस्सा आहे.

आता खिडकीवर बाहेरून सावली करून किंवा काच बदलून आत येणारं ऊन निम्म्यावर आणा. १५७ चे ७८ होतात आणि एकूण आकडा १३.३ वर येतो. पास.

पण हल्ली बऱ्याच स्कीममध्ये वीट किंवा ब्लॉक नसतोच. अॅल्युमिनियम शटरिंग लावून भिंतीही काँक्रीटच्याच ओततात, ज्याला सगळे मायवान म्हणतात. काम झटपट होतं, भिंत सरळ येते. मात्र १६० मिलिमीटर काँक्रीटची यू-व्हॅल्यू साडेतीनच्या घरात असते. मग एकट्या भिंतीचाच वाटा २३५ होतो आणि एकूण आकडा ३५. काच कितीही भारी लावली तरी तो साडेएकोणीसच्या खाली उतरत नाही. अशा भिंतीला बाहेरून उष्णतारोधक थर लावणं हाच उपाय, आणि तो बांधकाम चालू असतानाच परवडतो. तुमच्या इमारतीची बाहेरची भिंत कशाची आहे हे साइटवर जाऊन डोळ्यांनी बघा. सॅम्पल फ्लॅटमध्ये प्लास्टर आणि रंगाखाली सगळ्या भिंती सारख्याच दिसतात.

इथे दोन पळवाटा आहेत. कुणी त्या मुद्दाम काढलेल्या नाहीत, पण शेवटच्या मजल्यावर पश्चिमेला राहणाऱ्याला त्या नेमक्या बोचतात. पहिली, आरईटीव्ही अख्ख्या इमारतीच्या भिंतींची सरासरी असते. इमारतीचा आकडा १४ असून तुमच्या एका खोलीचा २५ असू शकतो. दुसरी, त्यात छप्पर धरतच नाहीत. छताचा नियम वेगळा आहे : यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा जास्त नको. नुसत्या १५० मिलिमीटर स्लॅबची ती तीनच्याही वर असते. वर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, घातला की कमी होते, पण १.२ पर्यंत पोहोचत नाही. तिथे फोम लागतो. कागदावर २५ मिलिमीटर एक्सपीएस बोर्डात (कडक फोमची पाटी) नियम पाळला जातो. नागपुरातल्या शेवटच्या मजल्यासाठी ५० चा आग्रह धरा. क्रम असा : स्लॅब, त्यावर वॉटरप्रूफिंग, त्यावर बोर्ड, वर जाळी घालून पातळ काँक्रीट आणि शेवटी पांढऱ्या रंगाच्या टाइल किंवा चायना मोझेक. साधं थर्मोकोल चालत नाही, ते पाणी धरतं आणि दबतं. काम बिघडतं ते बहुधा तीन ठिकाणी. बोर्डांमध्ये फटी राहतात आणि तिथून उष्णता उतरते. वॉटरप्रूफिंगआधीच बोर्ड टाकले जातात. किंवा नंतर सोलरवाला येतो आणि स्टँडसाठी सगळे थर फोडून नटबोल्ट ठोकतो. सोलरचे पाये स्लॅबच्या वेळीच ओतून घेतले तर हा शेवटचा घोळ टळतो. फक्त पांढरा रंग मारून देणार असतील तर तोही घ्या, पण धूळ बसली की त्याचा गुण उतरतो. दर वर्षी उन्हाळ्याआधी धुवावा लागतो.

उघडणाऱ्या खिडक्यांचाही नियम आहे आणि तो तपासणं सर्वांत सोपं. संमिश्र हवामानात उघडू शकणारं क्षेत्र फ्लॅटच्या चटई क्षेत्राच्या १२.५ टक्के हवं. ६० चौरस मीटरच्या फ्लॅटला साडेसात. यात दोन पल्ल्यांची सरकती खिडकी निम्मीच धरतात, कारण ती कधीही निम्मीच उघडते. बाहेर उघडणाऱ्या दारांची खिडकी ९० टक्के धरतात. नकाशा आणि टेप घेऊन अर्ध्या तासात हा हिशेब होतो. तो जमला नाही तर रात्री बाहेर गार वारं सुटलं तरी आत एसी लावूनच झोपावं लागेल.

आता पैशांचं. करार करण्याआधी बिल्डरकडे चार गोष्टी लेखी मागा : आरईटीव्हीचा हिशेबाचा तक्ता, भिंत आणि छताची यू-व्हॅल्यू थरांसह, काचेचा सौर उष्णता गुणांक (उन्हाची किती उष्णता ती आत सोडते ते), आणि वर विचारलेला प्रमाणपत्राचा क्रमांक. त्यातलं जे मान्य होईल ते कराराच्या साहित्य-तपशिलात घालून घ्या. माहितीपत्रक जपून ठेवा, त्याचा फोटोही काढून ठेवा. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरणाऱ्याला नुकसान झालं तर भरपाई मागता येते. हे कलम ऐकल्यावर ‘फाइव्ह स्टार’ हे शब्द पुढच्या छपाईत गळाले, तर तेही एक उत्तरच समजा.

बिल्डर काहीच बदलणार नसेल आणि घर तरीही आवडलं असेल, तर तुमचे पहिले ९,००० रुपये एसीच्या वरच्या स्टारवर नाही, पश्चिमेच्या खिडकीबाहेर घाला. पश्चिमेचं ऊन तिरपं येतं, नुसता आडवा छज्जा त्याला अडवत नाही. बाहेरून खाली सोडता येणारी चिक, जाळीचा पडदा किंवा उभ्या पट्ट्या हव्यात. विदर्भातली वाळ्याची ताटी हे काम आधीपासून करतेच आहे, पाणी मारलं तर वर गारवाही देते. आतला जाड पडदा फारसा कामाचा नाही, कारण ऊन तोवर काचेतून आत शिरलेलं असतं. काळी फिल्म लावताना जपून. साधी काच तिने तापून तडकू शकते आणि खोली अंधारी होते. भिंतीच्या ३० टक्क्यांपर्यंत खिडक्या असतील तर काचेतून निदान २७ टक्के उजेड यायलाच हवा, असं संहिताच सांगते.

बाकीच्या उपकरणांचं थोडक्यात. पंख्याला २०२३ पासून लेबल सक्तीचं आहे. दर वॅटला मिनिटाला किती घनमीटर हवा फेकतो, यावर स्टार ठरतात. जुना ७५ वॅटचा काढून ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) लावला आणि तो रोज बारा तास चालला, तर महिन्याला एका पंख्यामागे १६ युनिट वाचतात. फ्लॅटमध्ये चार पंखे असतील तर ही बचत वर्षभराची आहे, एसीची तीन महिन्यांची. फ्रिजचे स्टार आकारमानाच्या तुलनेत असतात, म्हणून मोठा ५ स्टार फ्रिज छोट्या ३ स्टारपेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. तिथे फक्त वार्षिक युनिट बघा. साठवणीच्या गिझरचे स्टार तर फक्त नुसत्या उभ्या टाकीतून किती उष्णता वाया जाते तेवढंच सांगतात. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला १ स्टारला आणि ५ स्टारला सारखीच वीज लागते, साधारण ०.६ युनिट. आंघोळीआधी लावून लगेच बंद करत असाल तर तिथे जास्तीचे पैसे घालू नका.

आणि तुमचा २०१९ चा एसी विकू नका. आउटडोअर युनिटची कॉइल पाण्याने धुऊन घ्या, आतली जाळी दर पंधरवड्याला साफ करा आणि त्या युनिटला पश्चिमेच्या भिंतीवर न टांगता उत्तरेला किंवा सावलीत जागा मिळवा, त्यासाठी तांब्याची नळी थोडी लांबली तरी चालेल. २४ ऐवजी २६ वर ठेवून सोबत पंखा लावा. बीईईच्या म्हणण्याप्रमाणे दर अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते. नवा एसी घ्यायचा की नाही ते नव्या घरातला पहिला मे महिना काढल्यावर, जूनचं बिल हातात आलं की ठरवा.